भरायचे आणि भरल्याचे

‘आय फरगॉट टु पे’ म्हणणाऱ्याने पैसे भरलेलेच नसतात. ‘आय फरगॉट पेइंग’ म्हणणाऱ्याने ते भरलेले असतात, केवळ स्मरण उरलेले नसते. एवढ्याशा फरकाने ऋणको थकबाकीदार ठरतो किंवा ऋणमुक्त. इंग्रजीतील ही रूपे अनेकांना जाचक वाटतात. वस्तुतः मराठी माणूस हा भेद बालपणापासून जाणतो: ‘भरायचे विसरलो’ आणि ‘भरल्याचे विसरलो’. तसेच ‘स्टॉप्ड टु टॉक’ म्हणजे बोलण्यासाठी थांबला; ‘स्टॉप्ड टॉकिंग’ म्हणजे बोलणे थांबवले. ‘एन्जॉय’नंतर ‘रीडिंग’च आणि ‘डिसाइड’नंतर ‘टु रीड’च, ही रूढी मात्र पाठच करावी लागते. परंतु जेथे रूपाबरोबर अर्थ पालटतो, तेथे वाक्य आधी मराठीत उच्चारून पाहावे. योग्य रूप आपोआप सुचते.