हिवाळी उन्हातला फोर्ट

पौष महिन्यातील मुंबई एरवीच्या मुंबईहून निराळी असते. हवेतील दमटपणा ओसरलेला असतो, आकाश निरभ्र असते आणि दुपारच्या उन्हालाही चटका नसतो. हे शहर पायी पाहावे ते याच दिवसांत, आणि तेही शक्यतो रविवारी, कचेऱ्या बंद असताना.

अशाच एका रविवारी दुपारी तीनच्या सुमारास एक निवृत्त गृहस्थ पत्नीसह छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरले. नोकरीची तेहतीस वर्षे त्यांनी याच भागात काढली होती. सकाळची लोकल, मान खाली घालून दहा मिनिटांची वाट, आणि संध्याकाळी तीच वाट उलट्या दिशेने. पहाटे पाचला उठून डबा भरून देणाऱ्या पत्नीने मात्र तो डबा कोठे उघडला जातो, हे एकदाही पाहिले नव्हते. ‘पुढच्या रविवारी जाऊ’ या शब्दावर इतकी वर्षे गेली होती. आता त्यांचे गुडघे दुखू लागले होते. म्हणून सावकाश चालायचे आणि थकवा वाटेल तेथे बसायचे, एवढाच बेत ठरला होता.

प्रथम त्यांनी स्थानकाची इमारतच समोरच्या पदपथावरून पाहिली. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ मध्ये तिचे काम सुरू झाले व ते सुमारे दहा वर्षे चालले. २००४ मध्ये तिला जागतिक वारशाचा मान मिळाला. तिच्यावरील पाने-फुले आणि पशुपक्षी यांच्या कोरीव कामात सर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. ‘‘अहो, तो मोर पाहिलात का?’’ पत्नीने विचारले. रोज त्याच्याखालून जाऊनही त्यांनी तो कधी पाहिला नव्हता.

तेथून दादाभाई नौरोजी मार्ग लागतो. दोन्ही बाजूंच्या जुन्या इमारतींच्या तळमजल्यावर कमानींचा सलग सोपा आहे. पायी जाणाऱ्याला ऊन आणि पाऊस लागू नये, ही त्यामागील दृष्टी. एरवी विक्रेत्यांच्या गर्दीत या कमानी दिसतही नाहीत. रविवारी मात्र फरशीवर ऊन-सावलीचे पट्टे मोजत हुतात्मा चौकापर्यंत निवांत जाता येते. संयुक्त महाराष्ट्रासाठी प्राण वेचलेल्यांच्या स्मारकापाशी दोघे क्षणभर हात जोडून उभे राहिले.

पुढचा मुक्काम हॉर्निमन सर्कलच्या बागेत झाला. समोरच १८३३ मध्ये पूर्ण झालेला टाउन हॉल आहे. त्याच्या तीस पायऱ्या चढण्याचा मोह गुडघ्यांनी आवरला. शेअर बाजाराला स्वतःची वास्तू नव्हती त्या काळात, म्हणजे १८५० च्या सुमारास, दलाल मंडळी याच परिसरात वडाच्या झाडाखाली जमून व्यवहार करीत. पुढे १८७५ मध्ये त्यांची रीतसर संघटना झाली. कोट्यवधींच्या उलाढालीचा आरंभ झाडाच्या सावलीत झाला, हे ऐकून पत्नी हसल्या.

उन्हे कलू लागली तेव्हा दोघे ओव्हल मैदानावर पोहोचले. फोर्टचे खरे वैभव या वेळी दिसते. पूर्वेकडील विद्यापीठ आणि उच्च न्यायालयाच्या इमारतींवर मावळतीचे ऊन पडते आणि त्यांचा दगड उजळून निघतो. पश्चिमेकडे १९३० च्या दशकातील आर्ट डेको इमारतींची रांग आहे. त्यांच्या खिडक्यांवरील लांब छज्जे ऊन अडविण्यासाठीच आहेत. दोन शतकांच्या या दोन रांगांना २०१८ मध्ये जागतिक वारशात स्थान मिळाले.

मधोमध उठून दिसतो तो राजाबाई मनोरा. सुरतेहून आलेले जैन व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी देणगी दिली आणि मनोऱ्याला आपल्या मातोश्रींचे नाव देण्याची अट घातली. १८६५ मध्ये अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि प्रेमचंदांचेही ऐश्वर्य बुडाले. तरीही १८६९ मध्ये पायाभरणी होऊन १८७८ मध्ये २८० फूट उंचीचा मनोरा उभा राहिला. राजाबाईंना दृष्टी नव्हती. सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा नियम त्यांना ठोक्यांवरून वेळ ओळखून पाळता यावा, म्हणून हे घड्याळ, असे परंपरेने सांगितले जाते.

ते ऐकून पत्नींनी पिशवीतून डबा काढला. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा.

‘‘रोज येथेच बसून जेवत होता का?’’

‘‘नाही. टेबलावरच, फायली बाजूला सारून.’’

त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी एक दशमी पतीच्या हातावर ठेवली. मनोऱ्याचे ठोके पडले. सूर्य मावळायला अजून थोडा अवकाश होता.

‘‘बॅलार्ड इस्टेट राहिली,’’ गृहस्थ म्हणाले. ‘‘पुढच्या रविवारी जाऊ.’’

पत्नींनी त्यांच्याकडे नुसते पाहिले. तेव्हा त्यांनी खिशातील छोटी डायरी काढली आणि तारीख लिहून घेतली.