मोठ्या गोळीचा आधार

टू-सेव्हन्टी विंचेस्टर या काडतुसाला मी कित्येक वर्षं कमी लेखत आलो. पोरासोरांचं काडतूस, ज्यांना खांद्यावर धक्का सोसत नाही त्यांचं, असं चारचौघांत म्हणायचो. माझी रायफल थर्टी-ऑट-सिक्सची होती आणि तिचा मला गर्व होता.

हा गर्व आला कुठून? मी पुण्यात वाढलो. बंदूक पाहिली ती बँकेच्या दारातल्या पहारेकऱ्याच्या खांद्यावर. नोकरीसाठी कोलोरॅडोत आलो आणि चाळिशीत शिकारीचा कोर्स करून परवाना काढला. बरोबरची माणसं लहानपणापासून बापामागे डोंगर चढलेली. त्यांच्यापुढे आपण उणे दिसू, ही भीती मला होती. मग मी आधार शोधला तो काडतुसाचा. 1906 साली अमेरिकी सैन्याने स्वीकारलेलं, दोन्ही महायुद्धांत वापरलेलं काडतूस. एल्मर कीथ जड गोळीचा कैवारी, म्हणून तो माझा लाडका लेखक. जॅक ओ'कॉनरने आयुष्यभर टू-सेव्हन्टीची बाजू मांडली, तर त्याला मी वाचायचंच टाळलं.

खरं तर दोन्ही काडतुसं एकाच घराण्यातली. 1925 मध्ये आलेल्या टू-सेव्हन्टीचं पितळी कवच जवळजवळ तेच आहे. फक्त मान आवळलेली, म्हणजे .308 इंचाऐवजी .277 इंच जाडीची गोळी बसते. टू-सेव्हन्टीची 130 ग्रेनची गोळी सेकंदाला 3,060 फुटांच्या आसपास वेगाने सुटते, थर्टी-ऑट-सिक्सची 180 ग्रेनची 2,700 फुटांच्या आसपास. नळीच्या तोंडाशी दोघींची ताकद जवळपास सारखीच भरते. हे आकडे मला पाठ होते. त्यांतला गोळीच्या वजनाचा तेवढा मी मनात धरून ठेवला, कारण तोच माझ्या सोयीचा होता.

मग एका ऑक्टोबरात म्यूल डिअर जातीच्या एका नरावर मी बार टाकला. अंतर फार नव्हतं, जनावर आडवं उभं होतं. गोळी खाली बसली, पुढचा पाय मोडला. ते लंगडत उतारावरून गेलं आणि अंधार पडेपर्यंत आम्हाला सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सापडलं तेव्हा जिवंत होतं. त्या रात्रीचं त्याचं दुखणं माझ्या नावावर आहे. बरोबरच्यांना मी सांगितलं, वारा होता. वारा नव्हता.

आमच्यात एक वयस्क बाई येत. त्यांच्याकडे टू-सेव्हन्टी. त्या वेळी त्या काही बोलल्या नाहीत. नंतर रेंजवर म्हणाल्या, ‘आज तुमची काडतुसं मी भरते, तुम्ही बघायचं नाही.’ पहिला बार झाला, धक्का बसला, ठीक. बोल्ट मागेपुढे केला, पुन्हा नेम धरला, चाप ओढला. नुसती टक् झाली. दारू नसलेलं डमी काडतूस होतं ते. आणि त्या शांततेत माझी नळी चांगली वीतभर खाली गेली. खांदा पुढे झेपावला होता, जबडा आवळलेला होता, आणि डोळे मी मिटलेले होते. उघडले तेव्हा कळलं, की मिटले होते. धक्का येण्याआधीच माझं शरीर त्याला घाबरून उत्तर देत होतं, आणि खऱ्या बाराच्या आवाजात ते झाकलं जात होतं. इतकी वर्षं! बाईंनी पुन्हा भरलं, पुन्हा टक्, पुन्हा नळी खाली. मला त्यांच्याकडे बघवेना. ज्या काडतुसाला मी हसलो ते त्या शांतपणे चालवत होत्या, आणि मी स्वतःच्या रायफलीला घाबरत होतो.

त्यांनी आपली रायफल माझ्या हातात दिली. आठ पौंडांच्या रायफलीत थर्टी-ऑट-सिक्सचा धक्का साधारण 20 फूट-पौंड, टू-सेव्हन्टीचा 17. कागदावर हा फरक किरकोळ, पण माझ्या खांद्याला तो पुरला. लगेच नाही, खोड मुरलेली होती. हिवाळाभर घरी रिकाम्या रायफलीवर चाप ओढत बसलो, तेव्हा कुठे डोळे उघडे राहू लागले.

थर्टी-ऑट-सिक्स वाईट आहे असं मी म्हणत नाही. 200 ग्रेनपर्यंतच्या आणि त्याहून जड गोळ्या ती सहज पेलते. मूस किंवा मोठ्या अस्वलामागे जाणाऱ्याने तीच घ्यावी. हलक्या गोळीची काडतुसं घेऊन तिच्यातूनही मला धक्का कमी करता आला असता. केला नाही, कारण 180 ग्रेन म्हणताना छाती फुगायची. पुढे एल्कवर मी टू-सेव्हन्टीच चालवली, 150 ग्रेनची गोळी घालून. फुप्फुसातून गेली, आणि एल्क थोडक्या अंतरावर पडला. मोठ्या जनावराला ही गोळी पुरत नाही हा माझा दावा तिथेच संपला.

तुम्ही नव्याने शिकारीला लागला असाल, तर रायफल विकत घेण्याआधी तीच रायफल कुणाकडून मागून घ्या, दुसऱ्याच्या हाताने तिच्यात मधूनमधून डमी काडतूस भरून घ्या, आणि चाप ओढल्यावर नळी कुठे जाते ते बघा. खाली जात असेल, तर ते काडतूस अजून तुमचं नाही.