विद्यार्थीकृतीचा रकाना

बी.एड.च्या पाठ टाचणात उभे रकाने असतात : मुद्दा, शिक्षककृती, विद्यार्थीकृती, फलकलेखन. यातला विद्यार्थीकृतीचा रकाना मोठा गमतीचा. तो पाठाच्या आदल्या रात्री भरायचा, तोही वर्तमानकाळात. ‘विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात.’ ‘विद्यार्थी उदाहरण सोडवतात.’ सूक्ष्म अध्यापनात हे खपून जातं. तिथे बाकांवर आपल्याच मैत्रिणी विद्यार्थी होऊन बसलेल्या असतात आणि शहाण्यासारखं हवं तेच उत्तर देतात.

आंतरवासितेत मला सहावीचा वर्ग मिळाला, पुण्याच्या कडेला, जिकडेतिकडे इमारतींची कामं चाललेल्या भागात. गावातली मुलं होतीच, शिवाय कलबुर्गीकडची कन्नड बोलणारी, उत्तर प्रदेशातून आलेली, मराठवाड्यातली. शिक्षण हक्क कायद्यामुळे मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. मागचं भरून काढायला विशेष प्रशिक्षणाची तरतूदही त्याच कायद्यात आहे. पण प्रवेश एका दिवसात होतो, भरून निघायला वेळ लागतो. मधल्या काळात ते मूल माझ्यासमोर बसलेलं असतं.

मी ‘त्रेपन्न’ म्हटलं की एक कन्नड बोलणारी मुलगी ३५ लिहायची. कन्नडमध्ये आधी दशक, मग एकक, मराठीत उलटं. ती बिचारी ऐकलेल्या क्रमाने लिहीत होती. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘पन्नास तीन’ अशा धर्तीचं संख्यावाचन आलं, तेव्हा आमच्या घरीही त्याची यथेच्छ थट्टा झाली होती. या मुलीची वही बघितल्यावर मला काही हसू येईना.

समावेशक शिक्षणाच्या पेपरासाठी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातले २१ प्रकार आम्ही पाठ केले होते. वर्गातल्या कमी दिसणाऱ्या मुलाला मात्र पहिल्या बाकावर बसवलं होतं, आणि तेवढ्यावर सगळ्यांचं समाधान होतं. त्याला फळा तिथूनही नीट दिसत नव्हता. मग लिहिताना मी बोलायला लागले : वर एक, मधे रेघ, खाली चार. ‘हे इकडे नेलं’ असं नुसतं बोट दाखवून चालेना. वेळ जास्त जाई, पण मराठी वाचताना अडखळणाऱ्या मुलांच्या वह्याही त्यामुळे सुधारल्या.

खरी कसोटी अपूर्णांकांच्या बेरजेला लागली. १/२ + १/४ = २/६. वहीमागून वही हेच. यातली एक मुलगी संध्याकाळी आईबरोबर भाजीच्या गाडीवर बसते. तिला विचारलं, साठ रुपये किलोचा वाटाणा, पाऊण किलोचे किती? माझं वाक्य संपायच्या आत ‘पंचेचाळीस’. अर्धा आणि पाव मिळून पाऊण, हे ती तराजूवर रोज बघते. वहीतला एक छेद दोन म्हणजे तोच अर्धा, हे तिला कुणी दाखवलं नव्हतं. तिलाच फळ्यापाशी उभं केलं. बऱ्याच जणांना पटलं.

तेवढ्यात मागून एकजण म्हणाला, “मॅडम, आम्ही दोन मॅचपैकी एक जिंकलो, नंतर चारपैकी एक. मग सहापैकी दोनच ना?”

बरोबर होतं त्याचं, फक्त प्रश्न दुसरा होता. मला ते कळत होतं, पण सहावीच्या भाषेत सांगायला शब्द जुळवेपर्यंत तास संपला. निरीक्षणाला बसलेल्या बाईंचा शेरा आला : ‘घटक अपूर्ण. वेळेचे नियोजन करावे.’ शेरा खोटा नव्हता. तरी मला वाटतं, छात्राध्यापकाचे पाठ मोजण्यापेक्षा त्याला एकाच घटकावर सलग तास द्यावेत. अध्यापक शिक्षणाच्या २०१४ च्या नियमावलीने आंतरवासितेला २० आठवडे दिलेत. त्यात सुटे सुटे पाठच बसवायचे तर एवढा काळ हवा कशाला?

पुढचा तास मला मिळाला तो निव्वळ वर्गशिक्षिका रजेवर होत्या म्हणून. बदली तासाला टाचण लागत नाही. कागदाच्या पट्ट्या कापल्या : एक दोन घरांची, एक चार घरांची, प्रत्येक घर म्हणजे एक मॅच. जिंकलेलं घर रंगवायचं. त्या मुलाने दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या आणि तोच गोंधळला.

“मॅडम, अर्धं पण एकच घर आणि पाव पण एकच घर? सारखंच?”

मी तोंड उघडायच्या आत भाजीवाली उसळली, “किलोच वेगवेगळे घेतलेस तर होणारच ना!”