आधी सुटायला शीक

नाशिक, १९ जानेवारी

चि. सोनूस,

काइटसर्फिंगचा जुना सेट कुणीतरी निम्म्या किमतीत देतंय आणि तो घेऊन तू गंगापूर धरणावर उतरणार, हे वाचलं आणि रात्रीच लिहायला बसलो. तुझी हौस मला मनापासून आवडली. पण धरण नको, आणि तो सेटही आत्ता नको.

येवल्यात संक्रांतीला आसारीवर, म्हणजे मांजा गुंडाळायच्या चक्रीवर, पतंग उडवताना ओढ फार तर बोटं कापते. काइटसर्फिंगचा पतंग मात्र नऊ-बारा चौरस मीटरचा, वीस-बावीस मीटरच्या दोऱ्यांचा, आणि ती सगळी ओढ तुझ्या कमरेच्या हार्नेसवर. वारा दुप्पट झाला की ओढ चौपट होते. १२ नॉटला शहाण्यासारखा वागणारा पतंग २४ च्या झोतात माणसाला उचलून दगडावर आपटू शकतो. धरणावर डोंगर ओलांडून येणारा वारा असाच तुटक असतो. त्यापेक्षा गोव्यात मोरजीला जा. उन्हाळ्याच्या तोंडावर तिथे दुपारी समुद्रावरून वारा येतो, वाळू मोकळी आहे आणि शिकवणारेही आहेत. जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यात मात्र कधीच उतरू नकोस. काही बिघडलं तर तो तुला आत घेऊन जातो.

फ्रान्सच्या लेगेन्यू बंधूंनी १९८४ मध्ये हवा भरायच्या पतंगाचं पेटंट घेतलं, ते पाण्यात पडलेला पतंग पुन्हा उठावा म्हणून. पण माझ्या मते नवख्यासाठी सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे बारजवळची, म्हणजे हातात धरायच्या दांड्याजवळची, सुटका. ती ढकलली की पतंग एकाच दोरीवर लोंबतो आणि ओढ जवळजवळ संपते. तरीही ओढत राहिला, तर लीशची, म्हणजे पतंगाशी बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याची, दुसरी सुटका. डोळे मिटून, घाबरलेल्या हातांनी दोन्ही जमेपर्यंत पायाखालच्या फळीचा विचारही करू नकोस. आधी वाळूवर छोटा पतंग, मग फळीशिवाय पाण्यात पतंगाला अंग ओढू देणं, मग फळी.

खरेदीही याच क्रमाने. आधी अंगाला नीट बसणारं हार्नेस, हेल्मेट, इम्पॅक्ट जॅकेट आणि दोरी कापायचा आकडी चाकू. पतंग शेवटी, तोही शिकवणाऱ्याने तुझं वजन आणि तिथला वारा बघून सुचवलेल्या मापाचा. जुना घेतलास तर हवा भरून काही तास ठेव. पतंगाची हवेची नळी मऊ पडली तर गळती आहे. कापड उन्हाने विटून कागदासारखं कुरकुरत असेल तर सोड. चारही दोऱ्या ताणून लांबी जुळव. सुटका नुसती हलवून बघू नकोस, अंगाचा भार टाकून उघड. आणि २००५ च्या आधीचा पतंग फुकट मिळाला तरी नको. बार सोडूनही त्याची ओढ पुरेशी उतरत नाही.

शिकवणीची फी मी भरतो. विकणाऱ्याला तेवढं उद्याच नाही म्हणून कळव.

तुझा,
मामा