आघाडीचा गडी

गेल्या हिवाळ्यांत परभणी येथें महाविद्यालयांचा एक फुटबॉलचा सामना पाहण्याचा योग आला. आमच्या पक्षानें एकही गोल केला नाहीं. परततांना चहाच्या दुकानीं प्रेक्षकांचा वाद रंगला. कोणी म्हणे, आघाडीचे गडी आळशी. कोणी म्हणे, मधल्या फळींतून चेंडूच पुढें येत नव्हता. आम्हींही जाणतेपणाचा आव आणून एका गड्याचें नांव घेतलें व म्हटलें, "ह्याला वगळावें." मागें वळून पाहतों तों तोच मुलगा सायकल धरून उभा! तो आमचा जुना विद्यार्थी. "नमस्कार, सर," एवढेंच बोलून तो निघून गेला.

त्या रात्रीं आम्हांस नेव्हिल डिसूझा आठवले. १९५६ सालीं मेलबर्न ऑलिंपिकमध्यें भारतानें ऑस्ट्रेलियावर ४–२ असा जय मिळविला, त्यांतील तीन गोल त्यांचे. पुढच्याच सामन्यांत युगोस्लाव्हियानें भारतास ४–१ असें हरविलें. भारताचा तो एकुलता गोलही त्यांचाच. गडी तोच, पण एकट्याच्या पायांवर सामना जिंकतां येत नाहीं. त्या संघाचे मार्गदर्शक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. तेही मूळचे शिक्षकच. आम्हीही शिक्षक, पण आम्हीं काय केलें?

दुसरे दिवशीं त्या मुलाच्या घरीं जाऊन आम्हीं क्षमा मागितली. तो खालीं पाहत म्हणाला, "सर, दोन संधी मीं दवडल्याच होत्या. पण तें आपण मला सांगावयास हवें होतें."

पालकहो, मैदानाच्या कडेला उभे राहतांना आपणही हें ध्यानीं ठेवावें.