गाळलेलं पेट्रोल

जुनी गाडी रस्त्यात बंद पडली की सगळे आधी गाडीच्या वयाकडे बोट दाखवतात. आमच्या प्रीमिअर पद्मिनीबद्दलही तेच झालं. मुलगा म्हणाला, भंगारात द्या. गॅरेजवाला म्हणाला, "वैनी, जुनी गाडी हाय, असंच करणार." वय हे काही कारण नव्हे. कारण सापडत नाही तेव्हा माणसं वय सांगतात. आपल्या गुडघ्यांबद्दल डॉक्टर सांगतात तसंच.

ही गाडी मामंजींची. 1089 सीसीचं इंजिन, पुढे अख्खी बाकासारखी सीट. आत्याबाईंना नव्या उंच गाड्यांत चढता येत नाही आणि ठेंगण्यांत वाकता येत नाही. पद्मिनीत त्या विनासायास बसतात. बेळगावहून स्तवनिधीला पार्श्वनाथाच्या दर्शनाला जायचं तर याच गाडीतून. मामंजी गेल्यावर गाडी बराच काळ शेडमध्ये उभी होती. पुन्हा रस्त्यावर आणल्यापासून तिनं एक खोड धरली. पंधरावीस किलोमीटर छान पळायची, मग गचके देत बंद. दहा मिनिटं उभी केली की पुन्हा सुरू, जणू काही झालंच नाही.

दुसऱ्या कुणाला ही गंमत वाटली असती. पण आत्याबाईंचं वय ब्याऐंशी, आणि सूर्यास्तानंतर त्या अन्नच काय, पाण्याचा थेंबही घेत नाहीत. एकदा परतीच्या वाटेवर संकेश्वरच्या अलीकडे आणि पुढं हत्तरगीजवळ अशी दोनदा गाडी थांबली, आणि दिवस मावळला. डबा मांडीवर होता, पाण्याची बाटली शेजारी होती, बीपीची गोळी पर्समध्ये होती. मी काही बोलले नाही. त्यांचा नियम मोडायला सांगणारी मी कोण? त्या नमोकार म्हणत बसल्या आणि दुसऱ्या दिवशी सूर्य वर आल्यावरच त्यांनी पाणी घेतलं. त्या रात्री मी ठरवलं, एकतर खरं कारण सापडेल, नाहीतर गाडी विकायची.

तोपर्यंत त्या गॅरेजनं कॉइल, कंडेन्सर, प्लग सगळं बदलून पैसे घेतले होते. फरक शून्य. मग दुसरा एक म्हातारा मिस्त्री मिळाला. तो काही बदलण्याआधी प्रश्न विचारायचा. त्याची रीत मला आवडली, कारण ती आपल्या स्वयंपाकघरातलीच. नळाला पाणी नसेल तर आपण नळ बदलत नाही. आधी टाकीत पाणी आहे का बघतो, मग वाटेत कुठं तुंबलंय ते.

पेट्रोलची वाट अशी: मागची टाकी, तिथून गाडीच्या पोटाखालून येणारी लोखंडी नळी, पुढे रबरी नळीचा तुकडा, इंजिनाला चिकटलेला पंप, आणि शेवटी कार्बोरेटर. पंपाला वीज लागत नाही. इंजिनच फिरताना त्याचा पडदा खालीवर करतं. गाडी बंद पडल्याबरोबर इंजिन थांबवून कार्बोरेटरच्या तोंडात बघायचं आणि ॲक्सिलरेटर हातानं दाबायचा. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली तर दोष विजेकडे. उडाली नाही, तर पेट्रोल पोचतच नाही. आमचं उडत नव्हतं. एवढ्या एका तपासणीनं कॉइलचे पैसे वाचले असते!

मग टाकीचं झाकण. हवा आत जायची वाट बुजली तर टाकीत पोकळी होते आणि पंपाला ओढवत नाही. झाकण उघडताच फुस्स आवाज येतो. आमच्याकडे आवाज नाही, फरकही नाही. मग उष्णता. घाट चढताना भर उन्हात पेट्रोलची नळीतच वाफ होते, तेव्हा पंपावर ओलं फडकं टाकतात. पण आमची गाडी भर पावसात, गार सकाळीही थांबली होती. पंपाचा पडदा फाटला असता तर इंजिन ऑइलला पेट्रोलचा वास आला असता. तो नव्हता.

शेवटी मिस्त्रीनं थंड इंजिनावर पंपाकडची नळी सोडली आणि पायपंपानं हवा उलटी टाकीकडे मारली. (हे आपण करू नये, आणि जवळ कुणी विडी ओढणारा तर नकोच.) आधी अडलं, मग टाकीत गुडगुड आवाज आला. त्यानंतर गाडी नेहमीपेक्षा जास्त पळाली आणि पुन्हा थांबली. कोडं तिथंच सुटलं. टाकीच्या तळाचा गाळ ओढीबरोबर नळीच्या तोंडाशी जमायचा. इंजिन थांबलं की ओढ संपायची आणि तो खाली बसायचा. म्हणून ती दहा मिनिटं!

टाकी उतरवली तेव्हा तळाला तांबडा चिखल आणि गंजाच्या खपल्या निघाल्या. रबरी नळी वरून धड दिसत होती, पण आतून फुगून अरुंद झालेली, फडक्यावर काळी उतरत होती. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की ते पाणी तळाशी बसतं आणि पत्रा गंजतो. जुनं रबर तर या इथेनॉलसाठी बनलेलंच नव्हतं. आणि हे इथेनॉल येतं कुठून? काही अंशी उसातून. आमचाही ऊस कारखान्यालाच जातो. म्हणजे आमच्याच शेतातलं आमच्याच गाडीच्या पोटात! मिस्त्री पोट धरून हसला.

टाकी धुऊन झाली, इथेनॉल सोसणारी नळी घातली, पंपाआधी पारदर्शक फिल्टर बसवला. आता दर पंधरा दिवसांनी गाडी फिरवून आणते आणि निघण्याआधी फिल्टर बघते. मिस्त्रीला वाटलं, हे बाईमाणसाला शिकवावं लागेल. अहो, आमच्या घरात दुहेरी कापडातून पाणी गाळल्याशिवाय घोट घेत नाहीत. मी लग्न होऊन आले तेव्हा गाळणं उलटं धुऊन ते पाणी त्याच विहिरीत परत सोडायचं, हे आत्याबाईंनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

टाकीतून निघालेला गाळ बघायला त्या काठी टेकत अंगणात आल्या. बराच वेळ डब्यात बघितलं. मग मिस्त्रीला विचारलं, "हे ओढ्यात टाकणार न्हाईस न्हवं बाबा? आत जीव असत्यात." त्यानं डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि डबा आपल्याबरोबर घेऊन गेला.