सेडीचं म्हणणं

कोर्टनी समर्स या कॅनेडियन लेखिकेची ‘सेडी’ ही कादंबरी २०१८ साली आली आणि पुढच्याच वर्षी तिला तरुण वाचकांसाठीच्या रहस्यकथेचा एडगर पुरस्कार मिळाला. रहस्यकथा म्हणून ती हाती घेणाऱ्याची सुरुवातीलाच पंचाईत होते. खून कुणाचा झाला हे कळलेलं असतं : मॅटी, वय वर्षं तेरा. खुनी कोण, हे तिच्या एकोणीस वर्षांच्या बहिणीला, सेडीला, पक्कं ठाऊक असतं. त्याच्या मागावर निघालेली सेडी स्वतःच बेपत्ता झाली आहे आणि तिची गाडी बेवारस सापडली आहे, हेही लेखिका लपवत नाही. झाकून ठेवण्यासारखं फारसं काही उरलेलं नसताना तीनशेच्या आसपास पानं आपण जीव मुठीत धरून वाचतो. असं का होतं, याचा विचार मी पुस्तक संपल्यावर बरेच दिवस करत होते.

कादंबरीत दोन आवाज आळीपाळीने येतात. एक सेडीचा. ती स्वतःची गोष्ट चालू वर्तमानकाळात सांगते. पुढे काय होणार याचा तिला पत्ता नाही. दुसरा आवाज वेस्ट मॅक्रे या न्यूयॉर्कच्या रेडिओ पत्रकाराचा. सेडीच्या शोधावर तो पॉडकास्टची मालिका करतो आहे आणि तिची संहिता आपण जशीच्या तशी वाचतो. वेस्ट सेडीच्या मागोमाग जातो, पण काही महिने उशिरा. हमरस्त्यावरच्या ज्या खाणावळीत ती बसली होती तिथे तो पोचतो, ज्या मोटेलात ती उतरली होती तिथे पोचतो, माणसांना तेच प्रश्न विचारतो. तिथे काय घडलं ते आपण आधीच्याच प्रकरणात पाहिलेलं असतं. त्याला ओरडून सांगावंसं वाटतं, अरे, डावीकडे वळ! त्या दोघांमधलं अंतर काही केल्या मिटत नाही, आणि या कादंबरीतला सगळा ताण त्या अंतरात आहे. खुनी सापडेल का, हा प्रश्न मागे पडतो. या मुलीचं म्हणणं कुणाच्या कानावर वेळेत पडेल का, या प्रश्नाने छातीत धडधडायला लागतं.

या बहिणी कोलोरॅडोतल्या कोल्ड क्रीक नावाच्या काल्पनिक गावात वाढल्या. ट्रेलर पार्कमध्ये, म्हणजे चाकांवरची घरं कायमची उभी करून झालेल्या गरीब वस्तीत. आई, क्लेअर, व्यसनात बुडालेली. एक दिवस ती दोघींना टाकून निघून गेली. तेव्हापासून मॅटीची आई सेडीच. तिने शाळा सोडली, नोकरी धरली, मॅटीला जपलं. मॅटी मात्र आईसाठी झुरत राहिली. मग लॉस एंजेलिसहून आईचं पोस्टकार्ड आलं. दोन ओळी, मॅटीच्या नावाने. मॅटीत जीव आला, पण आता आईला शोधायला जाऊ म्हणून तिने हट्ट धरला, आणि अखेर एका रात्री ती एकटीच घराबाहेर पडली. ती परत आली नाही.

ते पोस्टकार्ड क्लेअरने पाठवलंच नव्हतं, हे वेस्टला फार पुढे कळतं. लिहिलं होतं सेडीने. बहीण खंगत चालली होती आणि तिला उभं करायला दुसरं काही हाताशी नव्हतं, म्हणून आईच्या नावाने चार प्रेमाचे शब्द. एवढं कळल्यावर मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. सेडीचा सूड कीथ नावाच्या माणसावर आहे हे खरं. आईच्या आयुष्यात आलेला, सेडीच्या लहानपणी तिच्याशी नको ते वागलेला हा माणूस. पण त्याच्यामागे शेकडो मैल गाडी चालवताना ती त्या दोन ओळींचंही ओझं वाहत होती, आणि हे ती आपल्यालासुद्धा सरळ सांगत नाही. समर्स यांच्या कसबाची खरी जागा मला इथे दिसते. कथेची नायिका आपल्याशी इतकं बोलते, तरी तिला सर्वांत जास्त सलणारी गोष्ट आपल्याला तिसऱ्याच माणसाकडून कळते.

सेडी तोतरी आहे. मनातल्या मनात ती सपासप बोलते, तिचं निवेदन धारदार आहे, पण तोंड उघडलं की पहिल्याच अक्षराशी अडते. पानावर हे वाचताना डोळा चोरी करतो. तुटलेली अक्षरं ओलांडून तो पूर्ण शब्दावर जातो. या कादंबरीचं ऑडिओबुकही निघालं. तीसहून अधिक कलाकारांनी मिळून ते वाचलं आहे आणि त्याला २०१९ चा ओडिसी पुरस्कार आहे. त्यात रेबेका सोलर या अभिनेत्रीने सेडीला आवाज दिला आहे. ते ऐकताना पळवाट नाही. शब्द पुरा होईपर्यंत थांबावंच लागतं. समोरच्या पात्रांचा धीर कुठल्या क्षणी सुटतो, तेही नेमकं ऐकू येतं.

सातवीत माझ्या पुढच्या बाकावर अशी एक मुलगी होती. हजेरीला ती ‘हजर’ म्हणायची नाही, नुसता हात वर करायची आणि सर मान वर न करता पुढचं नाव घ्यायचे. एकदा मधल्या सुट्टीत वर्गाच्या खिडकीची काच फुटली. कुणी फोडली ते तिने पाहिलं होतं. सरांनी विचारलं तशी ती आपण होऊन उभी राहिली. पहिलं अक्षर निघेना. मान ताठ झाली, डोळे मिटले गेले, हात बाकाच्या कडेला घट्ट धरलेला. वर्गात खसखस पिकली. सर म्हणाले, ‘बस खाली, बस,’ तेही जरा दयेनेच. आणि ज्याच्यावर त्यांचा नेहमी संशय असायचा त्याच्या हातावर चार छड्या बसल्या. त्याने काही केलेलं नव्हतं. ती बसली आणि दिवसभर मान खाली घालून वहीच्या समासात रेघा मारत राहिली. सरांनी अर्धा मिनिट वाट पाहिली असती तर साक्ष पुरी झाली असती.

आमच्या पिढीने किशोरवयीन नायकाचं साहस वाचलं ते भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेत. फुरसुंगीचा बन्या संकटात उडी घ्यायचा, ‘ट्टॉक’ करायचा आणि भामट्यांना पकडून द्यायचा. ते वाचण्याचा आनंद मला आजही होतो. पण बन्याला परतायला शाळा होती, मित्र होते, आणि तो जे सांगे त्यावर मोठी माणसं शेवटी विश्वास ठेवत. सेडीच्या बाबतीत नेमका तोच पाया काढून घेतलेला आहे. त्यामुळे तिच्या हाती शोधाच्या साधनांऐवजी चाकू आला आहे.

त्या चाकूबद्दल मी खूप उलटसुलट विचार केला. कादंबरी सूडाची भलामण करते, असा आक्षेप कुणी घेऊ शकेल. मला तसं वाटत नाही. चाकू हाती असूनही सेडी पुन्हापुन्हा कचरते, घाबरते, चुकीच्या माणसावर तो रोखते. एका ठिकाणी तिला कीथने जपून ठेवलेल्या वस्तू सापडतात. त्यात लहान मुलींच्या कपड्यांना गळ्यापाशी असतात तशा, नावं घातलेल्या कापडी पट्ट्या आहेत. एकेक पट्टी म्हणजे एकेक मुलगी. त्यात तिची स्वतःचीही आहे. त्या नराधमाने काय केलं याचं वर्णन समर्स कुठेही करत नाहीत. पट्ट्या दाखवतात आणि थांबतात. अत्याचाराच्या कथा लिहिणाऱ्या किती जणांना हा संयम साधतो? पुढे कीथ ज्या नव्या घरात शिरला आहे तिथे दहा वर्षांची एक मुलगी आहे हे सेडीला दिसतं, आणि तिथून तिचा सूड बदलतो. मॅटीसाठी आता काही करता येण्यासारखं नाही, हिच्यासाठी आहे. न्याय मागणारी ती खरी तिथे होते, असं मला वाटतं.

वेस्टची बाजूही लेखिकेने सोपी ठेवलेली नाही. सुरुवातीला त्याला हे काम घ्यायचंच नसतं. मुली नाहीशा होतातच, त्यात काय सांगण्यासारखं, असा त्याचा सूर असतो. त्याच्या मालिकेसारख्या, गुन्ह्यांच्या खऱ्या कथा सांगणाऱ्या पॉडकास्टची लाट ज्या मालिकेने आणली, ती सारा केनिग यांची ‘सीरियल’ २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली होती. बाल्टिमोरमध्ये १९९९ साली हे मिन ली या शाळकरी मुलीचा खून झाला आणि तिचा पूर्वीचा मित्र अदनान सय्यद दोषी ठरला. तो खरंच दोषी आहे का, यावर कोट्यवधी श्रोते खल करू लागले. या गदारोळात ली मागे पडली. २०२२ मध्ये शिक्षा रद्द करण्याच्या सुनावणीची सूचना तिच्या भावाला आदल्या शुक्रवारी मिळाली, सुनावणी सोमवारी. दूरवरून, पडद्यावरून बोलताना त्याने न्यायालयाला सांगितलं, की माझ्यासाठी हा पॉडकास्ट नाही, हे खरं आयुष्य आहे. पुरेशी सूचना मिळाली नाही, म्हणून तो वरच्या न्यायालयात गेला आणि २०२४ मध्ये मेरिलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. आरोपीच्या दोषाविषयी कुणाचं काहीही मत असो, घरच्यांचं ऐकून घ्या एवढ्यासाठी त्या कुटुंबाला दोन वर्षं झगडावं लागलं. ‘सेडी’तल्या वेस्टला स्वतःचीही एक मुलगी आहे, आणि मालिका पुढे सरकते तशी त्याच्या आवाजातली सराईत लय हळूहळू मोडत जाते. समर्स यांनी ही मोडतोड फार बारकाईने लिहिली आहे.

माझ्या अकरावीतल्या भाचीला मी हे पुस्तक दिलं. देऊ की नको, असं झालं होतं. पण ती मुलं रोज मोबाईलवर जे पाहतात त्यापेक्षा हे कितीतरी जबाबदारीने लिहिलेलं आहे. तिने वाचून पहिला प्रश्न विचारला, ‘मावशी, सेडी पोलिसांत का नाही गेली?’ मी तिला मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा आपला २०१२ चा पॉक्सो कायदा काढून दाखवला. त्याच्या २४व्या कलमात लिहिलं आहे, की मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यावा, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने घ्यावा आणि त्या वेळी अंगावर गणवेश नसावा. २६व्या कलमात आहे, की मुलाला काही अपंगत्व असेल तर त्याची बोलण्याची पद्धत ओळखणाऱ्या माणसाची मदत घेता येते. ती बराच वेळ ते वाचत बसली. मग म्हणाली, ‘म्हणजे सेडीबरोबर मॅटी बसू शकली असती.’ तिची मांडणी ऐकून माझ्या अंगावर काटा आला, कारण कादंबरीत सेडीला न अडखळता समजून घेणारी मॅटी एकटीच होती.

शेवटावरून मात्र आमचं जमलं नाही. कीथ मरतो, त्याला लागलेली जखम चिघळून, पण सेडीचं काय झालं हे लेखिका सांगत नाही. भाचीला हा दगा वाटला. शिवाय तिचं म्हणणं, वेस्टने ही मालिका प्रसारितच करायला नको होती, एका मुलीचं दुःख लोकांनी कानात इयरफोन घालून का ऐकायचं? तिच्या प्रश्नात बळ आहे. तरी मला तो पटत नाही. त्या ट्रेलर पार्कची मालकीण, मे बेथ, या मुलींना आजीसारखी. गाडी सापडल्यावर पोलिसांकडून काही होईना, तेव्हा तिने वेस्टला फोन लावला, कारण तो उचलणारं दुसरं कुणी तिच्या ओळखीत नव्हतं.